एटीआरच्या कॉकपिटमध्ये पडदे नंतर, आधी मधले लिव्हर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स झालं, आता एटीआर ७२-६०० या प्रोपेलरवाल्या प्रवासी विमानाच्या टाइप रेटिंगला, म्हणजे ते विमान उडवण्याच्या खास प्रशिक्षणाला, निवड झाली आहे. रोज कॉकपिटचे फोटो बघतोय. पडदे तर मोठ्या जेटसारखेच दिसतात, मग मध्ये एवढे लिव्हर कशाला? ऑटोथ्रॉटल खरंच नसतो का? आणि कोर्स सुरू व्हायच्या आधी घरी काय तयारी करू?"

मी बरीच वर्षं टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनाने प्रोपेलर फिरवणारी विमानं, उडवतोय आणि त्यातला मोठा काळ नव्या फर्स्ट ऑफिसरांना, म्हणजे सहवैमानिकांना, शिकवण्यात गेला आहे. तुमची नजर आधी पडद्यांवर गेली आणि मग लिव्हरवर. सगळ्यांचं असंच होतं. पण या विमानात जीव वाचतो किंवा जातो तो दोन खुर्च्यांच्या मधल्या हातभर जागेत, म्हणून मी पडदे लवकर उरकतो.

पडदे पाच. प्रत्येक वैमानिकासमोर दोन, आणि मधला इंजिनं व इशाऱ्यांसाठी. एटीआर ७२ चं पहिलं उड्डाण १९८८ मधलं, आणि या पडद्यांची ६०० मालिका कंपन्यांच्या हाती यायला लागली २०११ मध्ये. चेहरा नवा असला तरी त्यामागचं विमान जुन्या, सरळ विचाराचं आहे. एलेरॉन (विमान आडवं कलवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्या) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) तुमच्या हाताच्या ताकदीने केबल आणि दांड्यांमार्फत हलतात, त्यांना हायड्रॉलिकची मदत नाही. त्यामुळे विमान हाताला जड लागतं, विशेषतः आडवं कलवताना. पण त्या जडपणातून हवा काय करते आहे ते तळहाताला कळतं. डोक्यावरच्या पॅनलचं तत्त्व साधं आहे: सगळं ठीक असेल तर सगळं अंधारलेलं. दिवा लागला म्हणजे काहीतरी सांगायचं आहे. हे दोन आठवड्यांत अंगवळणी पडतं. लिव्हरचं तसं नाही.

ऑटोथ्रॉटल, म्हणजे वेग धरून ठेवायला इंजिनाची शक्ती आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा, नाही, हे खरं आहे. क्यू४०० या दुसऱ्या टर्बोप्रॉपवरही नाही. पण म्हणून सतत लिव्हर ढकलत बसावं लागतं असंही नाही. एटीआरमध्ये पॉवर लिव्हरच्या वाटेवर एक खाच आहे, तिला आम्ही नॉच म्हणतो. उड्डाणाच्या वेळी दोन्ही लिव्हर त्या खाचेत बसवायचे. नेमकी किती शक्ती हवी हे इंजिनाचा संगणक ठरवतो, आणि तुम्ही त्याला पॉवर मॅनेजमेंटच्या फिरत्या बटणाने सांगता: टेकऑफ, क्लाइंब की क्रूझ. वर चढताना लिव्हर खाचेतच राहतात, बटण फिरतं. उतरायला लागलात की मात्र सगळं हातावर येतं. वाऱ्याचा झोत आला, वेग दहा नॉटने ढळला, तर सावरायचं तुम्हीच. जेटवरून आलेले अनुभवी लोकही पहिल्या दिवसांत इथे चुकतात. ऑटोपायलट विमान मार्गावर ठेवतो, पण वेग कोणीच धरून ठेवत नाही, ही गोष्ट डोक्याला कळून हाताला कळायला वेळ लागतो.

आता लिव्हरची ओळख. डावीकडची जोडी पॉवर लिव्हरची, तिच्या उजवीकडे कंडिशन लिव्हरची जोडी आणि तिच्याही उजवीकडे फ्लॅपचा, म्हणजे कमी वेगात विमान तोलून धरायला पंखामागून बाहेर येणाऱ्या पट्ट्यांचा लिव्हर. ही रांग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जेटमध्ये थ्रॉटल पुढे केला की जोर वाढतो, मागे केला की कमी होतो. टर्बोप्रॉपमध्ये दोन प्रश्न असतात: इंजिन किती काम करतंय, आणि प्रोपेलरची पाती हवेला कोणत्या कोनात भिडताहेत. पॉवर लिव्हर पहिला प्रश्न सोडवतो. फ्लाइट आयडलच्या, म्हणजे उडताना चालणाऱ्या सगळ्यात कमी शक्तीच्या जागेच्या, मागे मात्र तो दुसऱ्या प्रश्नात शिरतो. तिथे पाती सपाट होत जातात, ग्राउंड आयडलला प्रोपेलर मोठ्या ताटासारखा हवा अडवतो आणि त्याहून मागे रिव्हर्स, म्हणजे उलटा जोर. जमिनीवर हे वरदान आहे. हवेत हीच गोष्ट काय करते, हे २००२ मध्ये लक्झेंबर्गला उतरणाऱ्या फोकर ५० ने आणि २०११ मध्ये पापुआ न्यू गिनीत मदांगजवळ डॅश ८ ने दाखवलं. दोन्ही वेळा लिव्हर उडत असताना फ्लाइट आयडलच्या मागे गेले. पहिल्या अपघातात बावीसपैकी वीस जण गेले, दुसऱ्यात बत्तीसपैकी अठ्ठावीस. एटीआरमध्ये चाकांवर भार आल्याशिवाय न उघडणारी अडसर आहे, पण तिच्या भरवशावर हात सैल सोडायचा नाही. जमीन लागल्यावर ग्राउंड आयडल, मग पाती सपाट झाल्याचे दोन्ही बाजूंचे दिवे लागलेत हे दुसऱ्याने बघून मोठ्याने सांगायचं, आणि त्यानंतरच रिव्हर्स. एकच दिवा लागला तर रिव्हर्स विसरायचा, कारण एका बाजूला ताट आणि दुसऱ्या बाजूला जोर असं झालं तर विमान धावपट्टी सोडून गवतात जातं.

कंडिशन लिव्हरच्या चार जागा: इंधन बंद, फेदर, ऑटो आणि १०० टक्के ओव्हरराइड. एरवी संपूर्ण उड्डाणभर तो ऑटोमध्ये असतो. प्रोपेलरची गती टेकऑफला १०० टक्के म्हणजे मिनिटाला १,२०० फेरे, आणि क्रूझला ८२ टक्के. फेदर म्हणजे पाती वाऱ्याला धार करून उभी राहतात. बंद पडलेल्या इंजिनाच्या बाजूला हीच जागा तुम्हाला वाचवते, कारण वाऱ्याने फुकट फिरणारा प्रोपेलर विमानाला एका बाजूला खेचत राहतो. पण चांगलं इंजिन फेदर केलं तर ते गरगरत राहतं आणि विमानाला काडीचाही जोर मिळत नाही.

१५ जानेवारी २०२३ ला नेपाळमध्ये पोखऱ्याला नेमकं हेच झालं. एटीआर ७२-५००, दोन्ही खुर्च्यांवर अनुभवी कॅप्टन, स्वच्छ दिवस, विमानतळ सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले. विमान चालवणाऱ्या वैमानिकाने फ्लॅप ३० मागितले, दुसऱ्याने होकार दिला. फ्लॅप मात्र १५ वरच राहिले आणि दोन्ही कंडिशन लिव्हर फेदरला गेले. दोन्ही प्रोपेलरची गती २५ टक्क्यांखाली उतरली, टॉर्क, म्हणजे प्रोपेलर फिरवणारा पीळ, शून्य. इंजिनं चालू होती. लिव्हर पुन्हा पुढे केले असते तर जोर परत आला असता. चालवणाऱ्याच्या लक्षात आलं की जोर मिळत नाही, नियंत्रण दुसऱ्याच्या हाती गेलं, पण त्या दोन लिव्हरकडे कोणाचीच नजर गेली नाही. मिनिटभराच्या आत सगळं संपलं. ७२ माणसं होती, एकही वाचलं नाही.

मी हा अहवाल वर्गात प्रत्येक तुकडीला वाचायला लावतो. दर वेळी कोणीतरी म्हणतं, "असं कसं होईल? फ्लॅपच्या दांडीचा आकार वेगळा असतो." असतो, बरोबर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अल्फॉन्स चॅपानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की बी-१७ या बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकं मिटतात, कारण दोन्ही खटके शेजारी आणि सारखे. चाकाच्या खटक्याला रबरी चकती आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा लावला आणि चूक जवळपास थांबली. आजच्या विमानांतले मुठींचे आकार तिथूनच आले. पण आकार बोटांना कळतो तो बोटं विचारत असतील तर. रोज दोन-तीनदा तीच हालचाल करून बोटं विचारणं सोडून देतात, आणि या धंद्यातला मला सगळ्यात भीती वाटणारा क्षण तोच आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. फर्स्ट ऑफिसर म्हणून पहिल्या वर्षात रात्रीचं, पावसातलं उड्डाण होतं, विमान हिंदकळत होतं. वर चढताना कॅप्टनने फ्लॅप शून्य मागितले. मी वेग बघितला, "फ्लॅप शून्य" म्हटलं आणि डोळे समोरच्या पडद्यावर ठेवून हात नेला. हात कंडिशन लिव्हरवर गेला होता. मी ओढला नव्हता, पण मुठीत धरला होता. सरांनी काही न बोलता त्यांचा तळहात माझ्या हातावर ठेवला आणि तो सरळ उजवीकडे, फ्लॅपच्या लिव्हरवर नेऊन ठेवला. खाली उतरल्यावर, प्रवासी गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "आधी नाव, मग बोटं, मग डोळे. जोर सगळ्यात शेवटी." त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून हा क्रम मी एकदाही मोडलेला नाही आणि माझ्या शेजारी बसणाऱ्यालाही मोडू देत नाही.

म्हणजे करायचं काय, तर लिव्हरचं नाव तोंडाने म्हणायचं. हात ठेवायचा आणि मुठीचा आकार बोटांनी ओळखायचा. मग मान वळवून त्याच्याकडे बघायचं, एक सेकंद पुरतो. मग हलवायचं. आणि "फ्लॅप ३०" हे उत्तर लिव्हर हलवल्यावर नाही, तर दर्शकात फ्लॅप ३० ला पोहोचलेले दिसल्यावर द्यायचं. पोखऱ्यात तो होकार आणि विमानाची खरी स्थिती यांच्यात जे अंतर पडलं, ते या शेवटच्या पायरीने उघडं पडलं असतं.

इंजिन बंद पडलं तर हाच क्रम दोघांनी मिळून करायचा असतो. एटीआरमध्ये टेकऑफला एक स्वयंचलित यंत्रणा सज्ज असते. एक इंजिन गेलं की ती त्याचा प्रोपेलर आपोआप फेदर करते आणि दुसऱ्या इंजिनाची शक्ती ९० वरून १०० टक्क्यांवर नेते. म्हणजे पहिल्या काही सेकंदांत तुम्ही लिव्हरला हात न लावता विमान सरळ ठेवलंत, पायाने रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी पट्टी) दिलंत आणि वर चढत राहिलात तर पुरेसं आहे. घाई करायचं कारणच नाही. तरीही ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईहून निघालेल्या एटीआर ७२-६०० मध्ये उजवा प्रोपेलर फेदर झाल्यावर कॅप्टनने डावा, म्हणजे चालू असलेल्या इंजिनाचा पॉवर लिव्हर मागे घेतला आणि पुढे तेच इंजिन बंद केलं. पहिल्या इशाऱ्यापासून नदीत पडेपर्यंत सुमारे दोन मिनिटं. ५८ पैकी ४३ जण गेले. बिघाड एका छोट्या पेटीतल्या सोल्डरच्या सांध्यात होता, आणि यंत्रणेने उरलेलं इंजिन पूर्ण जोरावर आणून ठेवलं होतं.

म्हणून नियम असा आहे की चालवणारा लिव्हरला हात लावतो आणि म्हणतो, "पॉवर लिव्हर दोन." दुसरा टॉर्क बघतो, हात बघतो आणि मगच म्हणतो, "कन्फर्म." तोपर्यंत लिव्हर एक मिलिमीटरही हलत नाही. सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षणार्थी "कन्फर्म" हा शब्द पाठ केल्यासारखा उच्चारतात, डोळे दुसरीकडेच असतात. मी तिथे सराव थांबवतो. तुमचा प्रशिक्षक थांबवत नसेल तर तुम्ही स्वतः थांबवा.

आता बर्फ, कारण टर्बोप्रॉपच्या कॉकपिटमधला दुसरा मोठा फरक तिथे आहे. जेट पस्तीस हजार फुटांवर ढगांच्या वरून जातं. एटीआरची कमाल उंची २५,००० फूट, आणि आपण बहुतेक वेळ त्याच्याही बरंच खाली, ढगांच्या पोटात असतो. त्यामुळे पडद्यांइतकंच खिडकीबाहेर बघावं लागतं. डाव्या खिडकीबाहेर एक छोटा दांडा आहे, त्यावर बर्फ धरला की पंखावरही धरतोय असं समजायचं. बाजूच्या काचेचा जो भाग गरम होत नाही तिथे बर्फ पसरला तर प्रकरण गंभीर आहे. संगणकही वेग कमी होतोय, कामगिरी घसरतेय असे इशारे देतो, पण डोळ्यांनी आधी कळतं.

३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रोझलॉनजवळ एटीआर ७२ गोठत्या तुषारांमध्ये बराच वेळ घिरट्या घालत होतं, फ्लॅप १५ वर. पंखाच्या कडेवरच्या रबरी बुटांच्या मागे, जिथे ते फुगून बर्फ तोडू शकत नव्हते, तिथे बर्फाची कड तयार झाली. खाली उतरताना फ्लॅप मिटले, हवेचा कोन बदलला, एलेरॉन आपोआप एका बाजूला खेचला गेला, ऑटोपायलट सुटला आणि विमान उलटलं. ६८ जण गेले. त्यानंतर ते बूट रुंद केले गेले. आज गंभीर बर्फाची तोंडपाठ कृती अशी: वेग वाढवा, शक्ती वाढवा, कंडिशन लिव्हर १०० टक्क्यांवर, कॉलम (हातातला नियंत्रणाचा दांडा) घट्ट धरून ऑटोपायलट काढा, तिथून बाहेर पडा. फ्लॅप बाहेर असतील तर बर्फ जाईपर्यंत मिटू नका. ऑटोपायलट का काढायचा, तर तो मुकाट्याने ओझं उचलत राहतो आणि त्याला झेपेनासं झालं की सगळं एका झटक्यात तुमच्या हाती टाकतो. हात कॉलमवर असेल तर तो बदल आधी जाणवतो.

क्यू४०० वाल्यांसाठीही याच जातीचा धडा आहे. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ पडलेल्या विमानात बर्फासाठी वेगाची मर्यादा वाढवणारा खटका चालू होता, पण उतरण्याचे वेग साध्या हवेचे ठरवलेले होते. वेग धोकादायक कमी झाल्याचा इशारा म्हणून कॉलम थरथरला, कॅप्टनने नाक खाली न करता वर ओढलं, आणि फर्स्ट ऑफिसरने न सांगता फ्लॅप मिटले. ५० जीव गेले, त्यातला एक जमिनीवरच्या घरातला. न मागितलेली हालचाल मदत वाटते, पण दुसऱ्याला तिचा पत्ताच नसतो.

दोघांच्या हातांबद्दल आणखी एक गोष्ट, फोटोत दिसत नाही ती. एटीआरचे दोन कॉलम जोडलेले आहेत, पण एलिव्हेटर अडकला तर दोन्ही बाजू वेगळ्या करता याव्यात म्हणून मध्ये जोर लावल्यावर सुटणारा सांधा आहे. २० फेब्रुवारी २०१४ ला सिडनीकडे उतरणाऱ्या एका एटीआर ७२ मध्ये वेग मर्यादेकडे गेला. एकाने कॉलम ओढला, दुसऱ्यानेही हात घातला, पुढच्याच क्षणी दोघे उलट दिशांना जोर लावत होते. सांधा सुटला आणि शेपटीचं आडवं पातं चांगलंच दुखावलं. नुकसान लक्षात यायच्या आधी ते विमान आणखी काही दिवस उडत राहिलं. मदत करायची असेल तर "आय हॅव कंट्रोल" आधी तोंडातून यायला हवं, हात त्यानंतर.

पडद्यांबद्दल मात्र एक सावधगिरी राहिली. ऑगस्ट २००५ मध्ये सिसिलीजवळ एक एटीआर ७२ इंधन संपून समुद्रात उतरलं, ३९ पैकी १६ जण गेले. कॉकपिटमध्ये इंधनाचा आकडा भरपूर दिसत होता, कारण आदल्या दिवशी त्यात एटीआर ४२ चं दर्शक बसवलं गेलं होतं. ते दिसायला तसंच, मापात बसणारंही. म्हणून आत किती शिल्लक होतं, किती भरलं आणि बेरीज किती, हे मी अजूनही पेनाने लिहून पडद्याशी ताडून बघतो.

आता घरच्या तयारीचं. संगणकावरचा सिम्युलेटर पडदे आणि पॅनलची ओळख करून द्यायला चांगला आहे, पण माउसने फ्लॅप ओढायची सवय मला अजिबात आवडत नाही, हाताला चुकीचं शिक्षण मिळतं. त्याऐवजी मधल्या कन्सोलचा फोटो खऱ्या मापात छापून घ्या, पुठ्ठ्यावर चिकटवा आणि तुमच्या खुर्चीच्या उजव्या कुशीला ठेवा, पण दर दुसऱ्या दिवशी तो डावीकडे घ्या. नव्या फर्स्ट ऑफिसरला उजव्या खुर्चीत बसून डाव्या हाताने हे करायचं असतं, आणि त्या बाजूने बघताना सगळ्यात जवळचा लिव्हर फ्लॅपचा, मग कंडिशन, मग पॉवर. तुमचा कोणी मित्र असेल तर त्याला मध्येच, तुम्ही काहीतरी वाचत असताना "फ्लॅप १५" म्हणायला सांगा. तुम्ही नाव म्हणता का, मान वळते का, आणि उत्तर हात हलण्याच्या आधी देता की नंतर, एवढं त्याने बघायचं. पंधरा दिवस हे केलंत की मग चेकलिस्ट उघडा.